स्वस्त प्रोसेसरची गती वाढवावी, पण मोजून-मापून

यंत्राची गती वाढविण्याचा मोह आपल्या कापडाच्या धंद्यात फार जुना आहे. साधा धोट्याचा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो. मोटारीची पुली बदलली की तोच माग अधिक पिक मारू लागतो आणि मालकाला वाटते, पदरचे भांडवल न घालता उत्पादन वाढले. पहिले काही तास ते वाढतेही. मग ताणा तुटू लागतो, कारीगराचा निम्मा वेळ गाठी मारण्यात जातो आणि ठाण तपासणीला आले की फ्रेश म्हणून विकावयाचा माल सेकंडमध्ये टाकावा लागतो. तरीही मागाची गती वाढवूच नये, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. सूत चांगले असेल, सायझिंग नीट झाली असेल, माग जमवलेला असेल आणि कारीगर हुशार असेल तर दहा पिक वाढतात आणि टिकतातही. म्हणजे वाद गतीशी नाही, मापाशी आहे.

नेमका हाच प्रश्न आज आपल्या दुकानांत आणि कारखान्यांत संगणकाच्या बाबतीत उभा राहिला आहे. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, साडीचे डिझाइन, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, जॅकार्डची नक्षी, लग्नपत्रिकेची छपाई, सर्व काही संगणकावर होते. घरातील शिकलेली मुले सांगतात, "नवा संगणक कशाला घेता? याच प्रोसेसरची गती वाढवून देतो, फुकटात काम होईल." या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दुसऱ्या बाजूला वडीलधारी मंडळी म्हणतात, "कंपनीने जे ठरवून दिले त्याला हात लावू नका, यंत्र जळून जाईल." माझ्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे. गती वाढविणे हा हुनर आहे, तो शिकण्यासारखा आहे आणि सांभाळून केला तर यंत्र जळत नाही. परंतु ते फुकट नाही, प्रत्येक यंत्रावर करण्यासारखे नाही, आणि कोठे थांबावयाचे हे आधी ठरविल्याशिवाय तर मुळीच करू नये.

गती म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरला एक ठोका लागतो. घड्याळाच्या टिकटिकीसारखा हा ठोका मदरबोर्डकडून येतो. आजच्या बहुतेक संगणकांत हा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो आणि आपली गती तयार करतो. उर्दू शाळेत आम्ही गुणाकाराला जर्ब म्हणत असू. प्रोसेसरची सारी करामत या जर्बमध्ये आहे. १०० ला ३५ ने गुणले की ३५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झ झाले. ३८ ने गुणले की ३.८ झाले. या गुणकाला इंग्रजीत मल्टिप्लायर म्हणतात. गती वाढविण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर मूळ ठोका वाढवा, नाही तर गुणक वाढवा.

आता कोणी विचारील, चिप जर ३.८ वर चालू शकते तर कंपनी ती ३.५ ची म्हणून का विकते? याचे उत्तर कापडाच्या व्यापाऱ्याला दोन मिनिटांत समजेल. एकाच मागावरून उतरलेली सर्व ठाणे सारखी नसतात. तपासणी होते, कोणावर फ्रेशचा शिक्का पडतो, कोणावर सेकंडचा. चिपचेही तसेच आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून शेकडो चिपा निघतात, त्यांची परीक्षा होते आणि प्रतवारीनुसार शिक्का बसतो. पण बाजारात स्वस्त मालाला मागणी अधिक असली आणि सेकंडचा माल कमी पडला, तर चांगल्या मालावरही हलका शिक्का मारून तो विकावा लागतो. शिवाय प्रत्येक शिक्क्यात कंपनी थोडी जागा राखून ठेवते, कारण तीच चिप कोणाच्या वातानुकूलित कार्यालयात जाईल आणि कोणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हे तिला माहीत नसते. ओव्हरक्लॉकिंग करणारा या राखून ठेवलेल्या जागेत शिरतो.

सेकंडच्या शिक्क्याखाली फ्रेश माल

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९८ सालचे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याची गती ३०० मेगाहर्ट्झ, मूळ ठोका ६६ चा आणि गुणक साडेचारचा होता. गुणक कंपनीने बंद करून ठेवला होता, पण मूळ ठोका मदरबोर्डवरून बदलता येत असे. लोकांनी तो ६६ वरून १०० वर नेला. शंभर गुणिले साडेचार म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ! हजाराच्या लॉटमध्ये १४९ डॉलरला मिळणारी चिप ६६९ डॉलरच्या पेंटियम टू ४५० च्या तोडीचे काम करू लागली. तिच्यावर कॅश स्मृती फक्त १२८ किलोबाइट होती, पण ती चिपच्या पोटातच असल्याने प्रोसेसरच्या पूर्ण गतीने चालत असे. पेंटियम टूची ५१२ किलोबाइट कॅश मात्र निम्म्या गतीने चालत असे.

या यशाची कहाणी सर्व जण सांगतात, परंतु तिच्यातील दुसरी बाजू कमी लोक सांगतात. पहिली गोष्ट, सर्वच सेलेरॉन ४५० वर चालले नाहीत. चिप कशी निघेल हा नशिबाचा भाग होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १०० च्या ठोक्यावर मदरबोर्ड इतर भागांचा ठोका तीनाने भागून घेत असे, त्यामुळे त्या भागांना त्यांचा ठरलेला ३३ मेगाहर्ट्झचाच ठोका मिळे. पण ज्यांची चिप १०० पर्यंत जात नसे, ते ठोका ८३ वर ठेवीत. तेथे भागाकार दोनाने होई आणि ३३ च्या जागी ४१ मेगाहर्ट्झहून अधिक ठोका जाई. प्रोसेसर बिनतक्रार चाले, पण हार्ड डिस्कवरील फायली बिघडत. म्हणजे पुली बदलली एका मागाची आणि सूत तुटले शेजारच्या मागावरचे!

त्याच दशकात या विद्येचा एक काळा धंदाही निघाला. काही लोक कमी गतीच्या चिपेवरील शिक्का खरडून त्यावर जास्त गतीचा शिक्का मारीत आणि ती महाग विकीत. गुणक बंद करण्यामागे ही फसवणूक रोखणे हेही एक कारण इंटेलने दिले होते. हुनर तोच. एकाने तो आपल्या यंत्रावर वापरला, दुसऱ्याने गिऱ्हाइकाच्या खिशावर.

आज कोणत्या प्रोसेसरला हात लावता येतो?

१९९८ चे ते दिवस आता राहिले नाहीत, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. २०११ मध्ये इंटेलने मूळ ठोका इतर सर्व भागांशी असा बांधून टाकला की तो काही टक्क्यांपेक्षा जास्त हलवता येईना. तेव्हापासून इंटेलमध्ये ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'के' अक्षर आहे, मुख्यतः त्यांचाच गुणक मोकळा असतो, आणि त्यासाठी 'झेड' मालिकेचा महाग मदरबोर्ड लागतो. एच६१०, बी६६०, बी७६० अशा नेहमीच्या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरचा गुणक वाढत नाही. मधे एकदा २०१४ मध्ये पेंटियम नावाला वीस वर्षे झाली म्हणून इंटेलने पेंटियम जी३२५८ हा स्वस्त आणि मोकळ्या गुणकाचा प्रोसेसर काढला होता. पण त्याला दोनच कोअर होते. चार कोअर मागणारे काम आले की वाढवलेली गती अपुरी पडे.

एएमडी कंपनीने २०१७ च्या रायझनपासून आपल्या बहुतेक प्रोसेसरांचा गुणक मोकळा ठेवला. पण तेथेही बोर्डाची मेख आहे. ए३२० आणि ए५२० या सर्वांत स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरची गती वाढविता येत नाही. त्यासाठी बी४५०, बी५५० अशा बोर्डांकडे जावे लागते. म्हणून संगणक घेताना दुकानदाराला बोर्डाचे नाव विचारावे, रंगीत दिव्यांकडे पाहून सौदा करू नये.

स्वस्त प्रोसेसरचे खरे उदाहरण म्हणून मी अॅथलॉन ३०००जी घेतो. तो २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ४९ डॉलर किमतीला आला. दोन कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ गती, ३५ वॉट. त्याचा गुणक मोकळा आहे. त्यातही विशेष म्हणजे हा प्रोसेसर काम पाहून स्वतःहून गती वाढवीत नाही. थंडी असो की उन्हाळा, तो ३.५ वरच चालतो. म्हणून येथे वाढविलेली गती खऱ्या अर्थाने पदरात पडते. ३.८ ते ३.९ पर्यंत तो सहसा जातो.

याउलट त्याच वर्षी आलेला रायझन ३ ३२००जी पाहा. त्याची गती ३.६ लिहिली असली तरी काम हलके असेल तेव्हा तो आपोआप ४.० पर्यंत चढतो. तेथे हाताने ४.० लावून आपण फार काही मिळवत नाही. उलट हाताने गुणक बांधला की आपोआप चढ-उतार करण्याची त्याची सोय बंद होते. आजचे बहुतेक प्रोसेसर याच जातीचे आहेत. कंपनीने राखलेली जागा ते स्वतःच वापरून टाकतात. मालकासाठी थोडेच शिल्लक राहते.

गती अकरा टक्के, उष्णता तीस टक्के

आता हिशेबाकडे येऊ, कारण व्यापारी माणसाला शेवटी हिशेबच पटतो. प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते. पण गती वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागले, तर उष्णता त्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, अॅथलॉनची गती ३.५ वरून ३.९ केली. ही वाढ सुमारे ११ टक्के झाली. त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केले. ही वाढ ८ टक्के, पण तिचा वर्ग केला की जवळपास १७ टक्के होतात. दोन्हींचा गुणाकार केला की उष्णता ३० टक्के वाढली. म्हणजे ११ रुपयांच्या मालासाठी ३० रुपये भाडे! उलट व्होल्टेजला हात न लावता गती ३.८ पर्यंत गेली, तर साडेआठ टक्के गतीसाठी उष्णताही साधारण तेवढीच वाढते. हा सौदा परवडणारा आहे. म्हणून माझे सांगणे असे की व्होल्टेज न वाढवता जितके मिळते तितके घ्यावे आणि तेथेच थांबावे. शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झच्या हट्टापायीच बहुतेक नुकसान होते.

खर्चाचा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. स्वस्त बोर्ड आणि गती वाढवू देणारा बोर्ड यांतील फरक, चांगल्या कूलरची किंमत आणि भरवशाच्या पॉवर सप्लायची किंमत या तिन्हींची बेरीज करा. मग एका पायरीने वरचा प्रोसेसर घेतला असता तर किती जास्त पडले असते ते पाहा. पुष्कळदा वरचा प्रोसेसरच स्वस्त पडतो, आणि त्याची वॉरंटीही शाबूत राहते. गती वाढविल्याने झालेले नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही.

आणि संगणक संथ आहे म्हणजे प्रोसेसर संथ आहे, असे समजू नये. आपल्या दुकानांतील निम्मी कुरकुर जुन्या हार्ड डिस्कमुळे असते. तिच्या जागी एसएसडी बसवा, मेमरी एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत टाका. ज्या प्रोसेसरमध्ये चित्राचा भाग आतच असतो, त्यांना दोन पट्ट्यांचा फायदा ठळक दिसतो. एवढे करूनही डिझाइनचे काम अडत असेल, तरच गतीचा विचार करावा.

मे महिन्याचा हिशेब

परदेशी लोक जे सांगतात ते त्यांच्या हवेला धरून असते. आपल्याला आपली हवा पाहावी लागेल. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाहून वर किती जातो हे ठरलेले असते. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना चिप ७० अंश दाखवीत असेल, तर मालेगावच्या मे महिन्यात खोली ४२ वर गेली की तीच चिप ९० वर जाईल. ९५ अंशांच्या आसपास ती स्वतःला वाचविण्यासाठी गती उतरवू लागते. म्हणजे ज्यासाठी खटपट केली तेच हातचे गेले. म्हणून गतीची परीक्षा उन्हाळ्यात भर दुपारी घ्यावी. हिवाळ्यात घ्यावी लागली तर वीस अंशांची सूट धरूनच आकडा ठरवावा.

कारखान्याजवळच्या संगणकाचे आणखी एक दुखणे म्हणजे कापसाचे तंतू. ते कूलरच्या पात्यांत जाऊन गादीसारखे बसतात. दर महिन्याला ते साफ केले आणि दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरील पेस्ट बदलली, तर पुष्कळदा गती न वाढवताही यंत्र सुधारते.

आमच्या दुकानातला एक प्रकार येथे सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही डिझाइनसाठी एक तयार जोडलेला संगणक विकत घेतला. थंडीत तो उत्तम चालला. एप्रिल उजाडला आणि दुपारी तो आपोआप बंद पडू लागला. विक्रेत्याने मेमरी बदलली, विंडोज नव्याने टाकले, वीजपुरवठ्याला दोष दिला. अखेर गल्लीतल्या एका हुशार मुलाने बायोस उघडून पाहिले तेव्हा कळले की गुणक आणि व्होल्टेज दोन्ही वाढवून तो आम्हाला विकला होता. बिलावर त्याचा एक शब्दही नव्हता. मुलाने सर्व मूळ आकड्यांवर आणले आणि तोच संगणक पुढे बिनतक्रार चालला.

काम कसे करावे?

ज्यांना हा हुनर शिकावयाचा आहे त्यांनी पुढील क्रम पाळावा.

१) सर्वांत आधी सर्व फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

२) बायोस जुने असेल तर बोर्ड बनविणाऱ्या कंपनीकडूनच नवे घ्यावे. ते चढवताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय हे काम करू नये.

३) मूळ गतीवर एक तास कठीण परीक्षा घ्यावी आणि तापमान लिहून ठेवावे. एचडब्ल्यूइन्फो तापमान दाखवते, प्राइम९५ आणि ओसीसीटी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकतात. मूळ गतीवरच ८० अंश ओलांडत असेल तर आधी कूलर पाहावा, पुढे जाऊ नये.

४) गुणक एकदम न वाढवता एकेका पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीवर पंधरा-वीस मिनिटे परीक्षा घ्यावी. व्होल्टेज मूळ आकड्यावर बांधून ठेवावे. काही बोर्ड 'ऑटो'वर ठेवले की गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन टाकतात.

५) यंत्र अडखळले, निळा पडदा आला किंवा परीक्षेत चूक दिसली की एक नव्हे, दोन पायऱ्या खाली यावे. व्होल्टेज वाढवायचेच असेल तर अगदी थोडे. रायझनच्या पहिल्या पिढीसाठी रोजच्या वापरात १.३५ व्होल्टपर्यंतची मर्यादा एएमडीने सुचविली होती. हा अॅथलॉन त्याच घराण्यातला आहे. ती ओलांडू नये.

६) शेवटी ठरलेल्या गतीवर रात्रभर परीक्षा घ्यावी. सकाळी यंत्र चालू दिसले एवढ्याने समाधान मानू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांची नोंद आहे का तेही पाहावे.

७) मेमरीची गती आणि प्रोसेसरची गती एकाच दिवशी वाढवू नये. चूक झाली तर कोणामुळे झाली ते कळत नाही. मेमरीसाठी मेमटेस्ट८६ ची वेगळी परीक्षा आहे.

८) पडदा काळा राहिला तर घाबरू नये. वीज काढून बोर्डावरील छोटी बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवली, किंवा बोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे सीमॉस साफ केले, की सर्व आकडे मूळ ठिकाणी येतात.

कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त पॉवर सप्लायवर मोठा आकडा छापलेला असतो. त्यावर विसंबून गती वाढवू नये. अर्थिंग नीट नसेल तर तिकडे आधी लक्ष द्यावे.

चिप जळत नाही, झिजते

वडीलधाऱ्यांना वाटते तशी आजची चिप सहसा भडकून जळत नाही. उष्णता फार झाली तर ती स्वतःच बंद पडते. खरा धोका निराळा आहे. जादा व्होल्टेज आणि उष्णतेने चिप हळूहळू झिजते. आज ३.९ वर चालणारी चिप वर्षभराने त्याच व्होल्टेजवर ३.९ पेलत नाही. ही झीज भरून येत नाही. याचा धडा खुद्द इंटेललाही मिळाला आहे. तिच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर बंद पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड निघाला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. परंतु जे प्रोसेसर झिजले होते ते त्या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. ज्यांनी चिप बनवली त्यांचाच अंदाज चुकू शकतो, तर आपण अंदाजाने व्होल्टेज का वाढवावे?

उलट आपल्या गरम हवेत मला दुसरा हुनर अधिक उपयोगी वाटतो. तो म्हणजे गती तीच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करणे. जे प्रोसेसर आपोआप चढ-उतार करतात ते थंड राहिले की वरच्या गतीवर अधिक वेळ टिकतात. एएमडीने २०२० च्या रायझन ५००० मालिकेपासून यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय दिली आहे. यातही परीक्षा तितकीच काटेकोर घ्यावी लागते, पण यात उष्णता घटते, पंख्याचा आवाज घटतो आणि विजेचे बिलही थोडे हलके होते.

हिशेबाचे यंत्र वेगळे ठेवा

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या संगणकावर खातेवही आहे, त्याची गती एका मेगाहर्ट्झनेही वाढवू नये. कारण सरळ आहे. बंद पडणारे यंत्र प्रामाणिक असते, ते आपली अडचण सांगते. धोका आहे तो न सांगता चुकणाऱ्या यंत्राचा. काठावर चालणारा प्रोसेसर हजारांत एकदा चुकीचा आकडा काढतो आणि पुढे चालू लागतो. डिझाइनमध्ये अशी चूक झाली तर एक ठिपका वाकडा दिसेल. हिशेबात झाली तर कोणाची उधारी, कोणाचे येणे, कोणाचे जीएसटीचे विवरण बिघडेल सांगता येत नाही. आणि आपली वही म्हणजे केवळ आपला हिशेब नव्हे. तिच्यात मागवाल्याची मजुरी आहे, दलालाची दलाली आहे, गिऱ्हाइकाची अनामत आहे. दुसऱ्याच्या पैशांची नोंद काठावरच्या यंत्रावर ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. शिवाय खातेवहीच्या कामाला वेगवान प्रोसेसरची गरजही नसते. तेथे एसएसडी, यूपीएस आणि रोजची नक्कल, एवढ्याने काम भागते.

ज्या संगणकावरून इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड चालते किंवा भरतकामाचे मशीन चालते, त्यालाही हाच नियम लावावा. तेथे एका क्षणाच्या अडखळण्याने अख्खे ठाण वाया जाते.

विकणाऱ्यांना दोन शब्द

आपल्या मोहल्ल्यांतील पुष्कळ तरुण आज संगणक जोडण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा करतात. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगणे आहे की गती वाढविलेला संगणक विकण्यात वाईट काही नाही, लपवून विकण्यात आहे. सेकंडचा माल सेकंड म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याची पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालते. फ्रेश म्हणून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: मूळ गती किती, वाढवलेली किती, व्होल्टेज किती आणि पूर्ण भारावर तापमान किती होते. गिऱ्हाइकाने मागितले तर मूळ आकड्यांवर आणून द्यावे. आणि गिऱ्हाइकाला विचारावे की हे यंत्र कशासाठी हवे आहे. हिशेबासाठी म्हणाला, तर नफा सोडून त्याला साधे यंत्र द्यावे.

जुना संगणक विकत घेणाऱ्यांनीही बायोस उघडून मूळ आकडे लावून घ्यावेत आणि मगच परीक्षा घ्यावी. मूळ गतीवर अडखळणारी चिप झिजलेली आहे असे समजून सौदा सोडून द्यावा.

मुलांना या विद्येपासून रोखू नये, असे मला मनापासून वाटते. एखादा जुना, मोकळ्या गुणकाचा संगणक त्यांच्या हवाली करावा आणि त्यावर हवे ते प्रयोग करू द्यावेत. गती, व्होल्टेज, उष्णता यांचा मेळ ज्या मुलाला स्वतःच्या हाताने समजला, तो उद्या कोणत्याही यंत्रापुढे भांबावून उभा राहणार नाही. फक्त त्याला पहिल्या दिवसापासून एक सवय लावावी. आकडा वाढविण्याआधी वहीत लिहावयाचे की आपण कोठे थांबणार आहोत, आणि तेथे आल्यावर थांबावयाचे. हे ज्याला जमले त्याच्या हाती दुकानातील कोणतेही यंत्र निर्धास्तपणे सोपवावे.